वाफ्यातील तण पुन्हा पुन्हा का येते? उपटण्यापूर्वी ते कुठून आले ते पाहावे

मन लावून खुरपणी करावी, वाफा अगदी लख्ख व्हावा आणि दोन-तीन आठवड्यांत तिथेच पुन्हा गवत माजावे, ही घरच्या भाजीपाल्याच्या बागेतील नेहमीची तक्रार आहे. तक्रार करणाऱ्याला बहुधा एकच सल्ला मिळतो, की खुरपणी वरचेवर करावी, आणखी खोल खणावे आणि तण मुळासकट उपटावे. हा सल्ला काही तणांच्या बाबतीत बरोबर आहे, काहींच्या बाबतीत निरुपयोगी आहे, आणि लव्हाळा व हरळी या दोन तणांच्या बाबतीत तो अर्धवट पाळला तर तण कमी होण्याऐवजी वाढते. म्हणून मेहनत वाढवण्याआधी निदान करणे आवश्यक आहे.

वाफ्यात तण परत येते ते एक तर मातीत आधीपासून पडून असलेल्या बियांतून येते, नाहीतर मागच्या खुरपणीत तुटून मातीतच राहिलेल्या गाठी, खोडे आणि मुळे यांतून येते, किंवा मग खत, काडीकचरा, रोपांची माती, पाणी आणि वाफ्याची कड यांच्या वाटेने बाहेरून येते. एकाच वाफ्यात या तिन्ही गोष्टी चालू असू शकतात, पण त्रास देणारी मुख्य वाट सहसा एकच असते आणि ती पाच-दहा मिनिटांत ओळखता येते.

निदान: चार-पाच ठोंब मातीसकट काढून पाहणे

परत उगवलेले तण हाताने ओढू नये. खुरप्याने सभोवतालची माती सैल करून चार-पाच ठोंब मातीच्या ढेकळासह उचलावेत, पाण्याने भरलेल्या घमेल्यात हलकेच हलवून माती धुवावी आणि खाली काय आहे ते पाहावे. खाली पांढरे, नाजूक, एकट्याने वाढलेले मूळ असेल आणि रुंद पानांच्या तणात बुडाशी दोन साधी बीजपत्रे दिसत असतील, तर ते रोप बियांतून आलेले आहे. कोंब एखाद्या पिवळसर, पेरे असलेल्या जाड दोऱ्याला चिकटलेला असेल आणि तो दोरा एका किंवा दोन्ही टोकांना तुटलेला असेल, तर ती हरळी आहे आणि तो दोरा म्हणजे मागच्या खणणीत तुटलेले तिचे खोड आहे. कोंबाच्या बुडाशी लहानशी सूज असेल, तिच्यातून तारेसारखा बारीक धागा खाली गेलेला असेल आणि त्या धाग्याच्या टोकाला काळपट, खवल्यांची, आत पांढरी असलेली टणक गाठ सापडत असेल, तर तो लव्हाळा आहे. लव्हाळ्याबद्दल शंका राहिली तर तुरा आलेला दांडा चिमटीत धरून फिरवून पाहावा. त्याच्या तीन कडा बोटांना स्पष्ट जाणवतात, तर गवताचा दांडा गोल किंवा चपटा असतो आणि त्यावर पेरे असतात.

तण कुठे उगवले आहे यावरूनही बरेच काही कळते. संपूर्ण वाफ्यावर सारखी, दाट, बारीक रोपे असतील तर बिया मातीतच आहेत. तण ठरावीक जागीच पुंजक्याने येत असेल तर तिथे खाली गाठी आहेत. ते कडेकडून आत सरकत असेल तर दोष वाफ्याचा नसून शेजारच्या पायवाटेचा किंवा हिरवळीचा आहे. नवीन खत घातलेल्या पट्ट्यातच ते दिसत असेल तर वेगळ्या पुराव्याची गरज उरत नाही. खताबद्दल नुसता संशय असेल, तर एका कुंडीत ओळखीची, तण न येणारी माती आणि दुसरीत तीच माती अधिक ते खत घालून दोन्ही कुंड्या दोन-तीन आठवडे ओल्या ठेवाव्यात. काय उगवते ते पाहिल्यावर संशय एक तर पक्का होतो किंवा फिटतो.

बियांतून येणारे तण: खोल खणण्याचा दुष्परिणाम

तणाच्या बिया मातीत किती काळ तग धरतात याचा अंदाज सहसा फार कमी केला जातो. अमेरिकेतील मिशिगन येथे विल्यम जेम्स बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली अनेक तणांच्या बिया वाळूत मिसळून वीस बाटल्यांत भरल्या आणि जमिनीत पुरून ठेवल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढून बिया उगवतात का ते पाहण्याचा हा प्रयोग अजून चालू आहे, आणि २०२१ साली काढलेल्या बाटलीतील काही बिया १४० वर्षांहून अधिक काळानंतरही उगवल्या. सगळीच तणे इतकी चिवट नसतात. बहुतेक गवतांच्या बिया काही वर्षांतच निकामी होतात. तरीही वाफ्यातील बियांचा साठा एका हंगामात संपेल ही अपेक्षा सोडून द्यावी. साठ्यात भर पडू न देणे आणि असलेला साठा खालीच राहू देणे, एवढेच आपल्या हातात असते.

साठा खालीच राहू देणे म्हणजे काय, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. तणांच्या बिया बहुधा बारीक असतात आणि त्यांच्यात साठवलेले अन्न थोडे असते, त्यामुळे त्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटर थरातूनच यशस्वीपणे उगवतात. त्यांपैकी अनेकींना उगवण्यासाठी प्रकाशाचा इशारा लागतो आणि माती उलटताना क्षणभर पडलेला प्रकाशही काही जातींना पुरतो. दर हंगामात वाफा हातभर खोल उलटला, की वरच्या बिया खाली जातात आणि पूर्वी गाडल्या गेलेल्या बिया वर येतात, म्हणजे पेरणी आपणच करून दिल्यासारखे होते. वाफा एकदा भुसभुशीत झाला असेल आणि त्यात पाणी साचत नसेल, तर पुढे प्रत्येक हंगामात खोल खणण्याची गरज राहत नाही. खत वर पसरून वरच्या पाच सेंटिमीटर मातीत मिसळले तरी भाजीपाल्याला ते पुरते.

वरच्या थरातील साठा कमी करण्याची सर्वांत भरवशाची रीत म्हणजे पेरणीआधी तणालाच उगवू देणे. वाफा पेरणीसाठी पूर्ण तयार करावा, सपाट करावा, पाणी द्यावे आणि काहीही न पेरता दहा-पंधरा दिवस थांबावे. वाफ्यावर बारीक हिरवा थर आला की वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी असताना, ऊन असलेल्या सकाळी, खुरप्याचे पाते जमिनीला जवळजवळ समांतर धरून वरचा दोन सेंटिमीटरचा थर नुसता खरवडावा. खोल जाऊ नये. खोल गेल्यास खालच्या ताज्या बिया वर येतात आणि सगळा खटाटोप वाया जातो. वेळ असेल तर पुन्हा पाणी देऊन हीच क्रिया आणखी एकदा करावी आणि त्यानंतर माती न उलटता थेट पेरणी किंवा लावणी करावी. गाजर, कांदा, कोथिंबीर यांसारख्या सावकाश उगवणाऱ्या पिकांना या रीतीचा जितका फायदा होतो तितका दुसऱ्या कोणत्याही उपायाने होत नाही, असे माझे मत आहे. घाई असणाऱ्यांना हे पंधरा दिवस जड वाटतात. प्रत्यक्षात पुढच्या दोन खुरपण्या त्यांतच वाचतात.

उभ्या पिकात बियांचे तण खुरपण्याची योग्य वेळ म्हणजे ते नुकतेच दिसू लागते ती. माती किंचित विस्कटली तर पांढऱ्या धाग्यासारखे कोंब दिसतात, वर मात्र फारसे काही आलेले नसते. या अवस्थेत हलकी कोळपणी केली तर ऊन-वाऱ्यानेच ते मरतात. चार-पाच पाने आल्यावर तेच काम दुप्पट-तिप्पट वेळ घेते. बारीक तणासाठी वरची माती कोरडी असावी, मोठ्या तणासाठी मात्र आदल्या दिवशी पाणी दिलेले असावे, कारण ओल्या मातीतून मूळ न तुटता सुटते. आणि मोठे तण लहान रोपाच्या अगदी लगत असेल तर ते उपटू नये. उपटताना रोपाची मुळे हलतात, म्हणून ते विळ्याने किंवा कात्रीने जमिनीलगत कापावे.

बियांच्या तणांपैकी काहींची वागणूक थोडी वेगळी असते. घोळ मांसल असल्यामुळे उपटून ओल्या वाफ्यावर टाकली तर तिच्या तुकड्यांना पुन्हा मुळे फुटतात आणि फुलावर आलेली घोळ उपटल्यानंतरही अंगातील ओलाव्यावर बी पिकवते, त्यामुळे ती वाफ्याबाहेरच न्यावी लागते. केना या तणाच्या पेरांनाही मुळे फुटतात. शिवाय त्याला जमिनीवर निळी फुले येतात तशीच जमिनीखालीही न उमलणारी फुले येतात आणि त्यांतून मातीतच बी तयार होते. म्हणून निळे फूल दिसेपर्यंत थांबणे केन्याच्या बाबतीत उशिराचेच ठरते. गाजर गवताचे एक झाड हजारो बिया टाकते आणि त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला खाज व पुरळ येते, त्यामुळे ते हातमोजे घालून, फुलावर येण्याआधी उपटावे. उरलेल्या तणांसाठी नियम सोपा आहे: सगळे तण काढायला वेळ नसेल तर निदान तुरे आणि फुले आलेली झाडे आधी काढावीत. वाफा अस्वच्छ दिसला तरी चालेल, पण बी पडता कामा नये.

लव्हाळा: उपटला की वाढतो तो का

लव्हाळा हाताने ओढला की तो बुडाशीच तुटतो आणि गाठ खाली राहते. जमिनीखाली या गाठी बारीक धाग्यांनी एकमेकींना जोडलेल्या असून त्यांच्या माळा तयार झालेल्या असतात. माळ अखंड असेपर्यंत टोकाकडील गाठीला फूट येते आणि इतर बऱ्याच गाठी सुप्त राहतात. कुदळीने किंवा यांत्रिक नांगराने ही माळ तोडली की सुप्त गाठींवरचा दाब उठतो आणि प्रत्येक सुटी झालेली गाठ स्वतंत्रपणे फुटते. एकदा जोमाने खणून नंतर दुर्लक्ष केलेल्या वाफ्यात लव्हाळा आधीपेक्षा दाट का येतो, याचे उत्तर यात आहे. एका गाठीला अनेक डोळे असतात, त्यामुळे पहिला कोंब काढला तरी दुसरा येतो, आणि तो काढला तर तिसरा.

पण प्रत्येक कोंब गाठीतील साठवलेल्या अन्नातून येतो आणि ते अन्न अमर्याद नसते. कोंब वर आल्यावर पहिले काही दिवस तो गाठीकडून घेतो. पाने पुरेशी वाढली की देऊ लागतो, आणि साधारण तीन-चार आठवड्यांत नव्या गाठी धरू लागतात. तेव्हा लव्हाळ्याची खुरपणी दर दोन आठवड्यांनी, म्हणजे नवी गाठ धरण्याच्या आत झालीच पाहिजे आणि ती संपूर्ण वाढीच्या काळात चालू राहिली पाहिजे. कोंब जमिनीखाली एक-दोन इंचांवर कापला तरी चालतो. दर वेळी गाठ हाती लागलीच पाहिजे असे नाही. महिनाभर काटेकोरपणे खुरपणी करून पुढचा महिना सुट्टी घेतली, तर गमावलेले अन्न लव्हाळा पुन्हा साठवतो आणि हिशेब पहिल्यापासून सुरू होतो. या कामात जोरापेक्षा नेम महत्त्वाचा असतो. खुरपणीचा दिवस आठवणीवर न सोडता दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा हे उत्तम.

याच्या जोडीला दोन गोष्टी कराव्यात. लव्हाळ्याची गाठ सुकली की मरते. म्हणून वर्षातील सर्वांत कोरड्या, कडक उन्हाच्या काळात वाफा रिकामा ठेवता येत असेल तर त्याचे पाणी पूर्ण बंद करावे, वरचा वीतभर थर खणून ढेकळे उघडी टाकावीत आणि आठवड्याने पुन्हा उलटावीत. बहुतेक गाठी याच वरच्या पंधरा सेंटिमीटरमध्ये असतात. एवढ्या थराचे खणणे इथे उपयोगी पडते ते केवळ माती कोरडी आहे म्हणून. तेच खणणे ओल्या मातीत केले तर वर सांगितल्याप्रमाणे गाठी वेगळ्या होऊन जोमाने फुटतात. वाफा अगदी लहान असेल तर माती एक सेंटिमीटरपेक्षा बारीक छिद्रांच्या चाळणीतून चाळून गाठी वेचणेही शक्य आहे. हे काम कंटाळवाणे आहे, पण उंच वाफ्यात किंवा कुंड्यांत तेच सर्वांत जलद ठरते. वेचलेल्या गाठी खड्ड्यातील खतात टाकू नयेत.

दुसरी गोष्ट सावलीची. लव्हाळा उन्हाचा भुकेला आहे आणि दाट सावलीत तो क्षीण होतो. ज्या वाफ्यात तो आहे तिथे चवळी, भोपळा, रताळी यांसारखी जमीन झाकणारी किंवा उंच व दाट वाढणारी पिके घ्यावीत. कांदा आणि लसूण यांची पाने जमिनीवर सावली धरत नाहीत, त्यामुळे अशा वाफ्यात ती लावणे म्हणजे लव्हाळ्याला मोकळे रान देण्यासारखे आहे.

हरळी: तुकडा राहिला की झाड राहिले

हरळीला गाठी नसतात, पण तिची खोडे जमिनीवर धावतात आणि जमिनीखालूनही सरकतात, आणि प्रत्येक पेरावरच्या डोळ्यातून नवे झाड होऊ शकते. पेर असलेला बोटाच्या कांड्याएवढा तुकडाही ओल्या मातीत पुरेसा असतो. म्हणून हरळीच्या वाफ्यात धारदार फावडे किंवा फिरत्या पात्यांचे यंत्र चालवू नये, कारण त्याने एका दोऱ्याचे वीस तुकडे होतात. त्याऐवजी वाफसा असताना लांब दात्यांचा गार्डन फोर्क मातीत खुपसून ढेकूळ उचलावे, ते हाताने फोडावे आणि पांढरा-पिवळा दोरा टोकापर्यंत माग काढत सोडवावा. दोरा ताणला असता तुटेल असे वाटल्यास थांबून आणखी माती सैल करावी. हे काम सावकाशच होते आणि एका बैठकीत एक-दोन चौरस मीटरच हाती लागतात. घाईने केलेल्या दहा चौरस मीटरपेक्षा ते बरे.

कितीही काळजी घेतली तरी थोडे तुकडे राहतात, आणि काही खोडे खणलेल्या थराच्याही खाली गेलेली असतात. त्यांचे कोंब पुढच्या काही आठवड्यांत एकेकटे वर येतात. या टप्प्यावर बहुतेक जण निराश होतात किंवा दुर्लक्ष करतात, आणि तिथेच हरळी जिंकते. खरे तर हाच सर्वांत सोपा टप्पा आहे, कारण मोकळ्या वाफ्यातील एकटा कोंब सहज दिसतो आणि त्याच्याखालचा तुकडा खुरप्याच्या दोन फटक्यांत निघतो. आठवड्यातून एकदा वाफ्यावरून नजर फिरवून असे कोंब काढत राहिले तर पुन्हा मोठी खणणी करावी लागत नाही.

काढलेली हरळी वाफ्याच्या कडेला टाकली तर पहिल्या पावसात ती पुन्हा जमिनीला चिकटते. ती फरशीवर किंवा पत्र्यावर पसरून, वाकवताच कडकन मोडेल इतकी वाळवावी, किंवा झाकण असलेल्या बादलीत पाण्याखाली पूर्ण कुजू द्यावी. दुसऱ्या रीतीत वास फार सुटतो.

कडेने येणारी हरळी हा वेगळा विषय आहे. वाफा पूर्ण स्वच्छ असूनही शेजारच्या पायवाटेवरून ती आत येत असेल, तर वाफ्यात कितीही खुरपले तरी उपयोग होत नाही. वाफ्याभोवती वीतभर खोल, उभ्या कडांची चर खणून ती मोकळी ठेवावी. धावती खोडे चरीवर लोंबताना आणि जमिनीखालची तिच्या भिंतीतून बाहेर पडताना दिसतात आणि तिथेच कापता येतात. पत्र्याची किंवा विटांची कड दिसायला नीट असते, पण हरळी विटांच्या सांध्यातून आणि कडेखालून जाते आणि आत पोहोचेपर्यंत कळत नाही, म्हणून मला साधी उघडी चर अधिक भरवशाची वाटते. दर महिन्याला तिच्यात पडलेली माती मात्र काढावी लागते.

आच्छादन करूनही तण येत असल्यास

आच्छादनाचे काम प्रकाश अडवणे हे आहे, आणि ते फसते तेव्हा बहुतेक वेळा थर पातळ असतो. पालापाचोळा किंवा काड सुरुवातीला जाड दिसते, पण पाणी पडल्यावर बसते, म्हणून बसल्यानंतरचा थर पाच ते आठ सेंटिमीटर राहील इतके पसरावे आणि हंगामाच्या मध्यावर भर घालावी. आधीच उगवलेल्या तणावर काड टाकू नये. तण तेवढ्यातून वर येते. रोपे वीतभर झाल्यावर, खुरपणी करून, पाणी देऊन मग आच्छादन करावे आणि रोपाच्या खोडाभोवती दोन-तीन बोटे जागा मोकळी सोडावी, अन्यथा खोड सडण्याचा धोका असतो.

काडाखाली वर्तमानपत्राचे सहा-आठ पदर किंवा साधा, चकचकीत नसलेला पुठ्ठा ओला करून अंथरला तर परिणाम कितीतरी वाढतो. दोन पुठ्ठे एकमेकांवर वीतभर चढवावेत, कारण तण फटीतूनच येते. लव्हाळ्याच्या बाबतीत एक चमत्कारिक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. काळ्या प्लॅस्टिकच्या कागदाखाली प्रकाश नसल्यामुळे लव्हाळ्याचे कोंब पाने न उलगडता सुईसारखे टोकदार राहतात आणि तो कागद भोसकून वर येतात. जाड पुठ्ठा सहसा असा भोसकला जात नाही. मात्र तो काही महिन्यांत कुजतो आणि बदलावा लागतो. हरळीवर अपारदर्शक झाकण चालते, पण ते संपूर्ण वाढीच्या हंगामभर ठेवावे लागते आणि झाकणाच्या कडांवर लक्ष ठेवावे लागते.

पारदर्शक प्लॅस्टिकचा उपयोग वेगळा आहे. इस्राएलमधील याकोव काटान आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली मांडलेल्या या पद्धतीत ओल्या, सपाट मातीवर पातळ पारदर्शक कागद घट्ट ताणून, कडा मातीत गाडून, सर्वांत उष्ण काळात चार ते सहा आठवडे ठेवतात. माती तापून वरच्या थरातील बऱ्याच बिया व काही रोगजंतू मरतात. कागद पारदर्शकच हवा. काळ्या कागदाखाली माती तितकी तापत नाही. कागद काढल्यावर माती खोल उलटू नये, कारण खालच्या बिया जिवंतच असतात. बियांच्या तणावर ही रीत चांगली चालते, पण लव्हाळ्याच्या खोलवरच्या गाठी यातून वाचतात, म्हणून केवळ लव्हाळ्यासाठी प्लॅस्टिकचा खर्च करू नये.

बाहेरून येणारे बी

अर्धवट कुजलेले शेणखत हा बागेत तण येण्याचा सर्वांत मोठा दरवाजा आहे, कारण जनावरांच्या पोटातून अनेक बिया जिवंत बाहेर पडतात. खताचा ढीग आतून ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापून काही दिवस तसाच राहिला आणि कडेचा भाग उलटून मध्यभागी आणला गेला, तर बहुतेक बिया मरतात. थंडपणे कुजलेल्या ढिगात तसे होत नाही. गवत वाळवून आच्छादनासाठी वापरायचे असेल तर तुरे येण्याआधी कापलेले घ्यावे. विकत आणलेल्या रोपांच्या पिशवीतील वरची बोटभर माती काढून टाकावी आणि त्या पिशवीत लव्हाळ्याचा एखादा कोंब दिसला तर रोप मुळांची माती धुऊन लावावे. संपूर्ण वाफा भिजवण्याऐवजी ठिबकने फक्त रोपाच्या बुडाशी पाणी दिले तर कोरड्या काळात मधल्या जागेतील तण आपोआप कमी होते.

खत आणि काड यांच्याबद्दल आणखी एक सावधगिरी बाळगावी. रुंद पानांच्या तणांवर कुरणांत वापरली जाणारी अमिनोपायरॅलिडसारखी काही तणनाशके काडातून, जनावराच्या पोटातून आणि कुजलेल्या खतातूनही टिकून राहतात आणि टोमॅटो, घेवडा, वाटाणा यांची पाने आकसून वळतात. खत कुठून आले हे ठाऊक नसेल तर कुंडीत ते घालून घेवड्याच्या चार बिया पेराव्यात. तीन-चार पाने सरळ आली तर खत वापरायला हरकत नाही.

तणनाशक, मीठ आणि व्हिनेगर

मीठ टाकून तण मारण्याचा सल्ला भाजीच्या वाफ्यात कधीही पाळू नये. तणाबरोबर जमीनही जाते आणि मीठ आजूबाजूला पसरते. स्वयंपाकघरातील व्हिनेगर पाने करपवते, मुळांपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे ते फक्त पायवाटेच्या फटीतील अगदी कोवळ्या रोपांवर उपयोगी आहे. ग्लायफोसेट हे तणनाशक पानांतून मुळांत जाते आणि जोमात वाढणाऱ्या हरळीवर परिणाम करते, पण लव्हाळ्याच्या सुप्त गाठींपर्यंत ते पोहोचत नाही आणि त्याचे वाऱ्याने उडालेले थेंब टोमॅटो-वांग्यांना इजा करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली त्याला मानवात बहुधा कर्ककारक अशा गटात टाकले. काही नियामक संस्थांचे मत वेगळे आहे. हा वाद बाजूला ठेवला तरी, खाण्याच्या भाज्यांच्या चार वाफ्यांत, जिथे खुरपे पोहोचते तिथे, उभ्या पिकात फवारणी करण्याचे कारण मला दिसत नाही.

पिकाच्या बाजूने

संपूर्ण हंगाम वाफा निर्मळ ठेवण्याची आवश्यकता नसते. बहुतेक भाज्यांना पहिले चार ते सहा आठवडे तणमुक्त मिळाले की त्यांची पाने जमीन झाकतात आणि नंतर उगवणाऱ्या तणाने उत्पादन फारसे घटत नाही; तेव्हा ते बी धरणार नाही एवढेच पाहावे. कांदा, लसूण आणि गाजर यांना हा काळ बराच लांब लागतो. शक्य तिथे बी थेट टाकण्याऐवजी महिन्याभराची रोपे लावावीत, म्हणजे तेवढीच आघाडी पिकाला मिळते, आणि पेरणी करायची असेल तर ती ओळीत करावी. विस्कटून पेरलेल्या मेथी-कोथिंबिरीत खुरपे चालत नाही आणि कोवळे तण पिकापासून वेगळे ओळखूही येत नाही.

वाफा रिकामा पडू देणे टाळावे. दोन पिकांमध्ये महिना-दीड महिना मोकळा असेल तर ताग किंवा चवळी दाट पेरून फुलावर येण्याआधी कापावी आणि जागीच पसरावी. लव्हाळा किंवा हरळी असलेल्या वाफ्यात दर खुरपणीला किती कोंब निघाले याची ढोबळ नोंद ठेवावी. आकडा सलग घटत असेल तर रीत बरोबर आहे. दोन महिने नेमाने खुरपूनही तो घटत नसेल, तर दोन खुरपण्यांमधील अंतर जास्त पडते आहे किंवा कडेने नवी भर येते आहे, असे समजून आधी चर तपासावी, मग अंतर दहा दिवसांवर आणावे, आणि कांदा, लसूण, गाजर ही पिके त्या वर्षी दुसऱ्या वाफ्यात घ्यावीत.